पाइपचा धूर आणि तोंडाचे आरोग्य
आजोबांचा जुना इंग्रजी पाइप घरात असेल, तर तो जरूर जपून ठेवावा. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाची गाठ. ती सहसा जळत नाही, म्हणून तिचे पाइप करतात. मात्र हौसेने तो पेटवू नये. ‘धूर छातीत घेतच नाही’ हे समाधान खोटे आहे. पाइपचा धूर सिगारेटपेक्षा अधिक अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातूनच रक्तात जाते. ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्याकडे खर्रा खाणारे तर ‘आम्ही धूर काढतच नाही’ म्हणतात! पुसून न जाणारा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंडात तीन बोटे न जाणे, यांपैकी काही आढळल्यास अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अथवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात दाखवावे. व्यसन सोडण्यासाठी मोफत दूरध्वनी : १८००-११-२३५६.