‘मी’ विरणे आणि ‘मी’ हरवणे

आपल्या संप्रदायात ‘मीपण गेले पाहिजे’ हे इतक्या वेळा कानावर पडते की, ‘माझा मीच हरवला आहे’ असे कोणी म्हणाले तर ऐकणाऱ्याला ती परमार्थातली प्रगती वाटते. या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेच आम्हाला या लेखात दाखवायचे आहे. पहिली भक्तीचे फळ आहे, दुसरी आजाराचे लक्षण आहे. यांची गल्लत झाली तर माणूस हातचा जातो. म्हणून वाचकांनी हा विषय सावकाश वाचावा.

त्या आजाराचे नाव आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे: नैराश्य, डिप्रेशन. चार दिवस मन उदास झाले म्हणजे हा आजार नव्हे. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहते किंवा कशातच गोडी उरत नाही. जोडीला झोप आणि भूक बिघडते, अंगातले त्राण जाते, लक्ष लागत नाही, अपराधी वाटते, मरणाचे विचार येतात. यांतली बरीच लक्षणे एकत्र दिसली म्हणजे डॉक्टर हे निदान करतात. ‘ही आजकालची थेरं’ असे म्हणणाऱ्यांनी चरकसंहिता उघडावी. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे ८० विकार मोजले आहेत, त्यांत निद्रानाशाच्या पंक्तीला विषाद बसला आहे. पंचविसाव्या अध्यायात तर रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. चरकाचा विषाद म्हणजे तंतोतंत आजचे डिप्रेशन, असा आमचा हट्ट नाही. पण मनाच्या खिन्नतेला विकारांच्या यादीत बसवताना आचार्यांना संकोच वाटला नाही, हे ध्यानात घ्यावे.

कीर्तन आटोपल्यावर लोक भेटायला येतात, त्यांत असे पीडित असतातच. ‘दुःख फार आहे’ असे ते क्वचितच म्हणतात. म्हणतात ते निराळेच. ‘महाराज, रडूसुद्धा येत नाही हो. पोरं हसताना दिसतात, पण मी काचेपलीकडून बघते असं वाटतं. जात्यावर ओव्या म्हणणारी ती बाई कोण होती, तेच कळत नाही.’ कोणी म्हणतो, ‘बुवा, सही करताना नाव माझं आहे की दुसऱ्याचं, असं होतं.’

असे का व्हावे? व्यवहारातला आपला ‘मी’ चार खांबांवर उभा असतो: आवड, आठवण, निर्णय आणि आपली माणसे. मला हे रुचते, मी अमुक केले, मी असे ठरवले, मी याचा बाप, हिचा भाऊ. यावरून माणूस स्वतःला ओळखतो. हा आजार नेमका या खांबांनाच हात घालतो. आवड आटते. आठवणी निघतात त्या चुकांच्या आणि अपमानांच्या. गोड प्रसंग आठवला तरी धूसर आठवतो. भाजी कोणती करावी एवढे ठरवणेही डोईजड होते. जवळची माणसे लांब वाटू लागतात. चारही खांब हलल्यावर मंडप उभा कसा राहील?

येथे कोणी म्हणेल, ‘बुवा, आवड गेली, संसार परका झाला, हे तर वैराग्यच! मग औषध कशाला?’ या शंकेचे उत्तर लक्षणांनी द्यावे.

पहिले लक्षण बोलण्यात सापडते. भक्ताच्या बोलण्यातून ‘मी’ उणा होत जातो. आजारी माणसाचे प्रत्येक वाक्य ‘मी’पासूनच सुरू होते: मी नालायक, मी भार, माझ्यामुळेच हे झाले. दात दुखत नाही तोवर तो आहे याची आठवणही नसते. दुखू लागला की तोंडात दुसरे काही नाहीच असे वाटते. तसा हा दुखरा ‘मी’ आहे. तो विरलेला नाही, सुजलेला आहे.

दुसरे लक्षण रसाचे. अहंता गळते तेथे प्रेम वाढते. मुंगीविषयीही कळवळा येतो. आजारात प्रेमाचा झराच आटतो, आणि तो आटल्याचे दुःख त्या माणसाला आतून खात असते. विरक्ताला विषय नकोसे होतात. याला नामही गोड लागत नाही, आणि गोड लागत नाही म्हणून तो स्वतःला पापी ठरवतो.

तिसरे लक्षण कर्माचे. निरहंकारी पुरुषाला कर्म हलके होते. याला अंघोळ म्हणजे डोंगर. आणि चौथे सर्वांत महत्त्वाचे. भक्ताला मरणाचे भय उरत नाही, हे खरे. पण याला जगण्याचेच भय वाटते. या दोन अवस्था वरून सारख्या दिसतात म्हणून त्यांना एक मानू नये.

दुसरी शंका अशी: ‘गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनविषादयोग. मग विषाद हाही योगच की!’ अहो, अर्जुनाचा विषाद रणांगणावर, डोळ्यांसमोरच्या कारणाने, एका प्रसंगात उपजला. त्याला प्रश्न विचारता येत होता, उत्तर ऐकता येत होते. आजारी माणसाचे ऐकण्याचे बळच खचलेले असते. शिवाय हेही पाहा की, गांडीव गळाले तेव्हा सारथी रथातून उतरून गेला नाही. विषादाचा योग झाला तो सोबतीमुळे, नुसत्या विषादाने नव्हे.

आता मुख्य प्रश्न: हरवलेला ‘मी’ खरोखर नाहीसा होतो काय? छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर आहे. उद्दालकाने श्वेतकेतूला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करायला सांगितले. पाणी मात्र हवे तितके पिण्याची मोकळीक ठेवली. सोळाव्या दिवशी वेद म्हणायला सांगितले, तर त्या विद्वान मुलाला एक ऋचा स्फुरेना. बापाने त्याला नालायक म्हटले नाही. ‘जेवून ये,’ म्हणाला. जेवल्यावर सारे स्फुरले. मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरला तर त्याने फारसे जळत नाही; पण गवताची काडी घालून फुंकला की तो पुन्हा पेटतो, असा तेथला दृष्टांत आहे.

यातले मर्म पाहा. विद्या गेली नव्हती, ती वर आणणारे बळ गेले होते. आणि ते बळ शरीराच्या आधाराने येते, हे ऋषींनी स्वतःच्या मुलावर प्रयोग करून दाखवले. मग मेंदूच्या आजारावर गोळी घेणे हा श्रद्धेचा अभाव कसा? मनोविकारतज्ज्ञाची औषधे, समुपदेशन, झोप, वेळेवर जेवण, ऊन, चालणे या सगळ्या गवताच्या काड्याच आहेत. गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. तोवर धीर धरावा. ‘गोळ्यांनी मी बदलेन’ अशी पुष्कळांना भीती असते. गोळी घेऊन मन बधिर वाटले तर तसे डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. आपल्या मनाने गोळ्या एकदम बंद करू नयेत.

दुसरा दृष्टांत विद्यारण्यांच्या पंचदशीतला, तृप्तिदीपातला. दहा जण नदी उतरले. पलीकडे जाऊन जो तो मोजतो, ते नऊच भरतात. कारण मोजणारा स्वतःला धरायचे विसरतो. ‘दहावा बुडाला’ म्हणून रडारड सुरू होते. तेव्हा एक भला माणूस आधी सांगतो, ‘दहावा आहे.’ मग सांगतो, ‘तो तूच.’ हा दृष्टांत आत्मज्ञानासाठी आहे. आम्ही तो येथे एका अंशापुरताच घेतो. हरवलेल्याला स्वतःच्या मोजणीने स्वतः सापडत नाही, दुसऱ्याने सांगावे लागते, हा तो अंश. आणि सांगण्याचा क्रमही लक्षात ठेवावा. आजारी माणसाला पहिल्याच दिवशी ‘तू हुशार आहेस, ऊठ’ म्हटले तर ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आधी त्याने एवढ्यावरच विश्वास ठेवावा की, ‘मी आहे, मला आज दिसत नसलो तरी माझ्या माणसांना दिसतो.’ स्वतःला त्याचा अनुभव मागाहून येईल.

म्हणून घरच्यांचे कर्तव्य मोठे आहे. सप्ताहात विण्याचा पहारा असतो. उभे राहणारा थकला की दुसरा वीणा गळ्यात घेतो. वीणा खाली ठेवत नाहीत. तसा आजारी माणसाचा ‘मी’ काही दिवस घरच्यांनी सांभाळावा. त्याला काय आवडायचे, तो कसा हसायचा, हे आपण लक्षात ठेवावे आणि टोमणा न मारता अधूनमधून सांगावे. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न विचारू नये. मोठे निर्णय लांबणीवर टाकावेत. तुळशीला पाणी घालणे, ताटे मांडणे असे लहान काम द्यावे आणि झाले नाही तरी बोलू नये. हरिपाठाचा नेम चुकला तर आपण त्याच्याजवळ बसून म्हणावा. त्याने नुसते ऐकले तरी पुरे, ऐकणेही झाले नाही तरी दोष नाही.

मरणाचे विचार येतात का, हे प्रेमाने पण स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत खोटी आहे. उलट ओझे हलके होते. उत्तर ‘हो’ आले तर माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशक, दोर, गोळ्यांचा साठा हाताशी ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर पैसे न पडता, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक देवघराजवळ लिहून ठेवावा.

आणि जो स्वतः या अंधारातून जात आहे, त्या माउलीला सांगायचे ते असे. ‘मी कुणीच नाही’ हे वाक्य तुमच्या मुखातून निघते, पण बोलतो तो आजार. ‘मी हरवलो’ हे ज्याला कळते, तो कळणारा कुठे हरवला आहे? त्याला आज काही करायचे नाही, काही सिद्ध करायचे नाही. निखारा काजव्याएवढा असला तरी निखाराच आहे. अहंकार देवाला वाहण्याची गोष्ट पुढे पाहू. जे हाती नाही ते वाहणार कसे? आधी बरे व्हा, आपला ‘मी’ हाती येऊ द्या. तोवर वीणा आम्ही धरतो.

रामकृष्ण हरि.