धारित्राची निवड

मे महिन्यात दिल्लीचे तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते, आणि नेमक्या त्याच वेळी छताचा जुना पंखा मंदावल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. तेलपाणी करूनही गती वाढत नाही. मग कारागीर येतो, पंख्याच्या दांड्यावरील झाकण खाली सरकवतो, आतील लहानशी डबी बदलतो आणि पंखा पूर्ववत फिरू लागतो. ही डबी म्हणजे धारित्र. बाजारात तिला कंडेन्सर म्हणतात. तिची धारिता बहुधा २.५ मायक्रोफॅरड असते.

धारित्रात दोन धातुपट्ट आणि त्यांच्यामध्ये एक विद्युत्‌रोधी थर असतो. पट्टांचे क्षेत्रफळ जितके जास्त आणि थर जितका पातळ, तितकी धारिता अधिक. हा थर कशाचा आहे यावरून धारित्राचे प्रकार पडतात. पंख्यात पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फितीवर धातूचा अतिसूक्ष्म मुलामा दिलेला असतो. दाब एकाएकी वाढून फितीला छिद्र पडले, तर त्याभोवतीचा मुलामा वाफ होऊन उडून जातो आणि दोष तेथेच मिटतो. मात्र अशा प्रत्येक दुरुस्तीत पट्टाचे थोडे क्षेत्रफळ कमी होते. पंखा वर्षानुवर्षे हळूहळू मंदावतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

वाचक विचारतील, की त्याच आकारमानात पुष्कळ अधिक धारिता देणारे ॲल्युमिनियमचे विद्युत्‌विच्छेदी धारित्र येथे का वापरीत नाहीत? त्यातील रोधी थर म्हणजे ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा पापुद्रा. एका दिशेचा दाब तो सहन करतो, उलट दिशेचा नाही. पंख्याला मिळणारा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पुरी करणारा. त्यावर असे धारित्र तापून फुटेल.

त्याचे खरे स्थान एकदिश प्रवाह पुरविणाऱ्या मंडलात. १२ व्होल्टचा रोहित्र, चार डायोडांचा पूल आणि पुढे धारित्र, अशी रचना घेऊ. पुलातून सेकंदाला १०० लाटा येतात; दोन लाटांमधील सुमारे ०.०१ सेकंद सर्व प्रवाह धारित्रानेच पुरवायचा असतो. भार १ अँपिअर आणि धारिता २२०० मायक्रोफॅरड असेल, तर तेवढ्या अवधीत दाब सुमारे साडेचार व्होल्टने खाली येतो. दुप्पट धारिता घेतल्यास ही घट निम्मी होते.

दाबाचा हिशेब अधिक काळजीने करावा लागतो. १२ व्होल्टचा माथा १७ व्होल्टचा. डायोडांनी दीड व्होल्ट खाल्ल्यावर साडेपंधरा उरतात. तेव्हा १६ व्होल्ट छापलेले धारित्र पुरेल असे नवशिक्याला वाटते. पण घरातील २३० व्होल्टचा दाब एखाद्या रात्री २६० वर गेला, तर धारित्रावर जवळजवळ १८ व्होल्ट येतात. येथे २५ व्होल्टचेच घ्यावे. वाचणारे दोन पैसे खरी बचत नव्हेत.

उष्णतेचा हिशेब तर दिल्लीकराने कधीच टाळू नये. या धारित्रातील द्रव हळूहळू सुकत जातो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरले, की आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांना २००० तास टिकणारे धारित्र घ्या. खोली ४५ अंशांवर असता पेटीच्या आत ६५ अंश असणे नवल नाही. तेथे ते ८००० तास, म्हणजे दररोज पाच तास चालवल्यास साडेचार वर्षांच्या आतच संपते. १०५ अंशांना तेवढेच तास टिकणारे धारित्र त्याच पेटीत ३२,००० तास काढील. ते उष्णता देणाऱ्या भागाला चिकटवून मात्र बसवू नये.

रेडिओच्या दोलकात प्रश्न निराळा. दिल्लीचे केंद्र दीर्घकाळ ८१९ किलोहर्ट्झवर ऐकू येत असे. ४५५ किलोहर्ट्झ मध्यम कंप्रतेच्या ग्राहकातील दोलक त्यासाठी १२७४ किलोहर्ट्झवर चालतो. त्याच्या मंडलाची धारिता २ टक्क्यांनी ढळली, तर कंप्रता १ टक्क्याने, म्हणजे सुमारे १३ किलोहर्ट्झने सरकते. आणि शेजारची केंद्रे तर ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली! म्हणून येथे अभ्रक, पॉलिस्टायरीन किंवा ‘एनपीओ’ जातीचे सिरॅमिक धारित्र लागते. कोडर्माच्या खाणींतील अभ्रकाची ख्याती जगभर पसरली. पॉलिस्टायरीन डाख देताना जपावे. ८५ अंशांच्या आसपास ते मऊ पडते. ‘वाय ५ व्ही’ जातीचे सिरॅमिक आकाराने लहान असले, तरी तापमानानुसार त्याची धारिता ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकते. दोलकात ते निरुपयोगी.

लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केटसारख्या बाजारात हे सर्व प्रकार मिळतात. तेथे एका जातीबाबत मात्र तडजोड करू नये. घरातील विजेची तार आणि उपकरणाची धातूची पेटी यांच्यामध्ये, रेडिओतील खरखर कमी करण्यासाठी, कधी कधी एक धारित्र जोडतात. ४.७ नॅनोफॅरडचे धारित्र असेल तर त्यातून सुमारे एक तृतीयांश मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तो सहसा धोक्याचा नसतो. पण आतील थर फुटला, तर पूर्ण २३० व्होल्ट पेटीवर येतात, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस तिला हात लावतो. म्हणून येथे ‘वाय’ वर्गाचे, प्रमाणित सुरक्षा धारित्रच हवे. त्याची बनावट अशी असते, की ते निकामी झाले तरी सहसा जोडले न जाता तुटून जाते. ते हाती नसेल, तर ती जागा मोकळी सोडून खरखर ऐकत बसावे.