लाभ कोणाचा, भार कोणावर?

हिजरी 18 मध्ये शाम प्रांतात अमवासची प्लेगची साथ पसरली. वाटेत सरग येथे खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी सहाबांशी सल्लामसलत करून परतण्याचा निर्णय घेतला. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी हदीस सांगितली: साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि तेथे असल्यास तेथून पळू नये.

दुसऱ्या भागावर जरा थांबावे. आत राहणारा धोका पत्करतो, लाभ बाहेरच्यांना होतो. अल्लाहवर भरवसा ठेवून तेथे संयमाने राहणाऱ्यास हदीसमध्ये शहिदासमान पुण्य सांगितले आहे. त्याचा त्याग बेहिशेबी राहिलेला नाही.

सार्वजनिक हानी टाळण्यासाठी खासगी हानी सोसावी, हा फिकहचा नियम उस्मानी ‘मजल्ला’ संहितेच्या 26 व्या कलमात आहे. तो आपण तत्परतेने सांगतो. ज्याला लाभ त्यावर भार, हे 87 वे कलम मात्र क्वचितच आठवते. ते मूळ आर्थिक व्यवहारांचे, तरी त्यामागील न्याय येथेही लागू पडावा. मार्च 2020 च्या टाळेबंदीचा हेतू सर्वांचे रक्षण हा होता. रोजी मात्र हातावर पोट असलेल्यांची बुडाली, आणि कित्येक मजूर मुलांसह पायी गावी निघाले. पगारदार घरांत तेच दिवस सुरक्षित गेले. वाचलेले जीव मोजून हा हिशेब पुरा होत नाही.

त्याच 18 हिजरीच्या दुष्काळात, लोकांना मिळेपर्यंत हजरत उमर (रजि.) यांनी तूप वर्ज्य केले होते. टाळेबंदीच्या महिन्यांत आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंचा पगार आपण चालू ठेवला होता का?