भांडण मिटलं, हे लेकरांनाही कळू द्या

आज जरा घरातलं बोलू या.

संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. पपईला भाव नाही, केळीवर करपा आला, सोसायटीचं कर्ज थकलं, कुणी संध्याकाळी पिऊन आलं. आवाज चढायला एवढं पुरतं. भांडतात दोघं, पण पलीकडे दहावीचं पुस्तक उघडून बसलेली लेक सगळं ऐकत असते. अर्धा तास तिनं पान उलटलेलं नसतं. बापानं अंगणात मोटारसायकल कशी लावली, त्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ती ओळखते.

हे सतत कानोसा घेत राहणं मुलांना आतून पोखरतं. धोका वाटला की छाती धडधडते, पोटात गोळा येतो. धोका टळला की शरीर निवळतं. रोजच कलह असला तर त्याला निवळायला सवडच मिळत नाही. मग शाळेत सरांनी नुसतं नाव घेतलं तरी हात थरथरतात. झोप उडते, डोकं दुखतं, पाठ केलेलं आठवत नाही. कुणी गप्प गप्प राहतं, कुणी उलटून बोलतं. आपण म्हणतो, ‘नाटकं करतो’, ‘मोबाइलनं बिघडला’. खरं तर तो घाबरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो, आणि त्यात चिंतेचे विकार सर्वांत जास्त आढळतात.

मग भांडायचंच नाही का? तसं कुणालाच जमत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी आई-वडिलांच्या भांडणाचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. 1994 मध्ये त्यांनी पॅट्रिक डेव्हिस यांच्यासोबत मांडलं, की आपलं घर सुरक्षित आहे, याची खात्री मुलांना सर्वांत आधी हवी असते. भांडण मिटताना दिसलं, की मुलांची धास्ती बरीच उतरते. न मिटलेलं भांडण आणि दिवसच्या दिवस चालणारा अबोला मात्र त्यांना बोचत राहतो.

म्हणून रात्री वाजलं असेल तर सकाळी चहा घेताना लेकरांना सांगा: ‘काल पैशावरून आमचं वाजलं. आता आम्ही मार्ग काढलाय. तुझा यात काही दोष नाही.’ बापानं ‘मी आवाज चढवायला नको होता’ म्हटलं, तर त्याचा मान कमी होत नाही. ‘तुझ्या बापाला सांग, जेवायला ये’ असे निरोप पोरांच्या हाती देऊ नका. ‘तूच सांग, कोणाचं खरं?’ असंही विचारू नका. लेकरानं कुणाची बाजू घ्यायची? आजी-आजोबांनीही नातवंडांपुढे सुनेची किंवा लेकाची गाऱ्हाणी मांडू नयेत.

मारहाणीला मात्र भांडण म्हणू नका. ‘लेकरांसाठी सहन करते’ म्हणणाऱ्या ताई, ती लेकरंच त्या माराला रोज भिऊन असतात. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे मदतीचे नंबर आहेत. मुलाची भीती, निद्रानाश दोन-तीन आठवडे हटत नसेल तर नुसती दृष्ट काढून थांबू नका. आशाताईंशी बोला, सरकारी दवाखान्यात दाखवा किंवा 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. 2022 पासून चालू आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

पपईचा भाव तुमच्या हातात नाही. पण आज रात्रीचं भांडण मिटवून लेकरांसोबत जेवायला बसणं तुमच्या दोघांच्याच हातात आहे. भाऊ, वहिनी, तेवढं आजपासून करा.