पार्सलातला हुरडा

ज्या शहराच्या चहूबाजूंस मोहोळ, मंगळवेढा, बार्शी आणि अक्कलकोट येथील रब्बी ज्वारीची शिवारे पसरलेली आहेत, ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ज्या जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही दख्खनभर पेरली जाते, त्या सोलापुरात ऐन पौष महिन्यात गोठवलेला हुरडा ‘आज सकाळचा’ म्हणून विकला जावा, आणि त्याबद्दल रीतसर विचारणा करणाऱ्या गिऱ्हाइकासच दुकानदाराने अडाणी ठरवावे, हा प्रकार माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. हे लिहिताना माझा आवाज थोडा चढला, तर तो चढण्यास सबळ कारण आहे.

माझा पुतण्या न्यू जर्सीहून पुष्कळ वर्षांनी थंडीच्या दिवसांत आला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो येतो, पण तेव्हा हुरडा कुठला? या खेपेस गड्ड्याची यात्रा आणि हुरडा या दोनच गोष्टींसाठी त्याने रजा संक्रांतीस धरून घेतली होती. त्याच्या मातोश्रींचे, म्हणजे माझ्या वहिनींचे, गुडघे गेलेले असल्यामुळे नांगरट तुडवीत बांधावर जाणे शक्य नव्हते. त्याच सुमारास एका नव्या वसाहतीत एक दुकान निघाले होते. बसण्याची व्यवस्था नाही, केवळ पार्सल, आणि दर्शनी फलकावर ऋतुमानाप्रमाणे घरगुती जेवण देण्याची ग्वाही. हिवाळ्याच्या यादीत पहिलेच नाव हुरडा थाळीचे, आणि त्याखाली ‘शेतातला ताजा, आगटीवर भाजलेला’ अशी ओळ. मी काउंटरवर जाऊन स्वतः विचारले, कणसे आजचीच काय? “हो काका, सकाळीच मोहोळहून आलीत.” वाण कोणता? “सुरती.” आगटी कोठे? “मागच्या बाजूला.” इतकी खातरजमा केल्यानंतरच मी चार थाळ्यांचे पैसे फोनवरून भरले. पावती मागितली, तेव्हा ‘मेसेज येईल’ असे उत्तर मिळाले. तो मेसेज आजतागायत आलेला नाही.

घरी आल्यावर डबा उघडताच वाफेचे पाणी झाकणावरून ओघळले. आगटीतून निघालेल्या हुरड्यास गोवऱ्यांच्या धुराचा जो एक मंद वास असतो, त्याचा मागमूस नव्हता. हाताने चोळलेल्या हुरड्यात तुसाचा एखादा तुकडा, राखेचा एखादा कण, कोठे करपलेला दाणा राहिल्यावाचून राहत नाही. येथे सारे दाणे एकसारखे, ओलसर आणि निस्तेज हिरवे. वहिनींनी एक दाणा नखाखाली दाबला. चिकातला दाणा नखाखाली लोण्यासारखा दबतो. हा मात्र साल फाटून पिठूळ होऊन पसरला. वहिनी मंगळवेढ्याच्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी ताट केवळ बाजूस सारले. पुतण्या मात्र सभ्यपणाने खात राहिला, आणि तेच मला सर्वांत अधिक लागले. कारण त्यानेच आदल्या दिवशी सांगितले होते, की त्याच्याकडे उन्हाळ्यात शेतकरी रस्त्याच्या कडेला मांडव टाकून गोड मक्याची कणसे विकतात, आणि जाणती माणसे त्याच दिवशी तोडलेले कणीस नसेल तर पुढे निघून जातात. कणीस ताटापासून तुटले की दाण्यातील साखरेचे पिष्ट होऊ लागते, हे तिकडच्या गिऱ्हाइकास आणि विक्रेत्यास दोघांसही ठाऊक असते. ज्वारीच्या हुरड्याचा मामला याहून निराळा नाही. ही गोष्ट मोहोळपासून अर्ध्यापाऊण तासाच्या अंतरावर दुकान मांडणाऱ्यास ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मी डबा तसाच घेऊन परत गेलो. काउंटरमागचे दार उघडे होते, आणि आत एक पोरगा बर्फाचा थर चढलेली पिशवी कात्रीने कापून तीमधील हिरवे ढेकूळ वाफेच्या भांड्यात रिते करीत होता. आगटी कोठेही नव्हती. मागच्या बाजूस होती ती दुचाकी उभी करण्याची जागा. व्यवस्थापकास डबा दाखविला, तेव्हा त्याने त्याकडे नजर न वळवता सांगितले, की “आमच्याकडचा हुरडा असाच असतो.” मी फलकाकडे बोट केले. “काका, ते जाहिरातीसाठी असतं. एवढीच हौस असेल तर शेतावर जायचं.” मागे रांगेत तरुण मंडळी होती, त्यांतील दोघे हसले. त्या हसण्याने बळ आल्यासारखा तो पुढे म्हणाला, की हल्लीच्या गिऱ्हाइकांस ही चव आवडते, आपल्यालाच काय ती अडचण. हुरड्यात फरक कोणता, हे ज्याने बाल्यापासून जाणले, त्याची ती ‘अडचण’! एक शब्द दिलगिरीचा त्या मनुष्याच्या तोंडून निघाला असता, तर हे लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

आता ज्यांच्या घरी असेच पाहुणे यावयाचे आहेत त्यांच्यासाठी काही सांगतो. फलकावर विश्वास ठेवू नका. पैसे भरण्यापूर्वी आगटी डोळ्यांनी पाहा. दुकानदार आत नेण्यास कचरला, तर तेथूनच परतावे. एक सोललेला दाणा मागून नखाने दाबून पाहा; त्यास एवढेही मान्य नसेल, तर तुमची शंका खरी आहे असे समजा. ‘सुरती’ हे नाव ऐकून हुरळून जाऊ नये, कारण नाव सांगण्यास काही खर्च येत नाही. सुरती, गूळभेंडी हे जुने वाण, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा व फुले मधुर हे नवे, यांचा हुरडा तुसातून सहज सुटतो आणि गोड लागतो. परंतु यांपैकी कोणताही वाण शीतपेटीत महिनोन्महिने ठेवल्यावर तो गोडवा राखीत नाही. आमच्याकडे रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, तेव्हा डिसेंबर अखेरीपासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत हुरड्याचे दिवस. त्याआधी वा त्यानंतर कोणी ‘ताजा’ म्हणाला तर तो ताजेपणा कोठून आला, हे अवश्य विचारा.

पार्सल घ्यावयाचेच असेल, तर गरम हुरडा प्लॅस्टिकच्या बंद डब्यात घालू देऊ नका. आपल्याच वाफेने तो भिजतो आणि शिजून जातो. घरची दुरडी आणि स्वच्छ धडपा सोबत न्या. वर्तमानपत्राच्या कागदात तर काहीच घेऊ नये, शाई अन्नास लागते आणि कायद्यानेही ते निषिद्ध आहे. शेंगाचटणी निराळी घ्या, आणि शक्य तर निराळ्या ठिकाणाहून. त्या थाळीतील चटणी मिक्सरमध्ये दळून वरून तेल ओतलेली होती, आणि उखळात कुटलेल्या चटणीस शेंगदाण्याचेच तेल सुटते, हे सोलापूरकरास मी काय सांगावे? याहून उत्तम मार्ग म्हणजे हंगामात बाजारात येणारी कोवळी कणसे आणून घरच्या गच्चीवर चार गोवऱ्या पेटवणे. गुडघे दुखणाऱ्या माणसासही त्या आगटीशेजारी खुर्ची टाकून बसता येते.

पावतीच्या बाबतीत मात्र तिळमात्र ढिलाई करू नका. १ जानेवारी २०२२ पासून अन्नविक्रेत्याने आपल्या परवान्याचा वा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पावतीवर छापणे बंधनकारक आहे. आणि पावतीच न देणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६, याच्या कलम ५० मध्ये, गिऱ्हाइकाने मागितलेल्या स्वरूपाचे, सत्त्वाचे वा दर्जाचे अन्न न देणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे मला तेथे उभे असताना मुखोद्गत असते, तर त्या व्यवस्थापकाचा स्वर निराळा झाला असता. फलकाचे, डब्याचे आणि पैसे भरल्याच्या नोंदीचे छायाचित्र जागच्या जागी घ्या. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेथे निपटारा न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे फिर्याद करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मामल्यास फी पडत नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयास लेखी अर्ज द्यावा, तो निराळा. थोरामोठ्यांच्या ओळखीने सांगून पाहण्याचा मोह टाळावा. त्याने वेळ तेवढा जातो.

माझ्या तक्रारीनंतर दुकानाकडून पुढील खरेदीवर सवलत देणारे एक कूपन आले. ते मी स्वीकारलेले नाही, आणि वाचकांनीही अशी कूपने स्वीकारू नयेत. कारण ते वापरले की मामला आपसांत मिटला, असे म्हणण्यास त्यांना जागा मिळते. थाळ्यांचे पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत यावेत आणि फलकावरील ती ओळ पुसली जावी, एवढ्या दोन मागण्या मी लेखी कळविल्या आहेत. पैशांचे काय व्हायचे ते होवो. दुसऱ्या मागणीवर मी अडून आहे, आणि ती ओळ तेथे आहे तोवर माझी तक्रारही राहील.