ग्राहकाने दाद कोठे मागावी?

मुलांनो, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. ती अनुभवातून जन्मली आहे, यात शंका नाही. दाव्याचा खर्च, वकिलांची फी आणि तारखांमागून पडणाऱ्या तारखा यांपायी कित्येकांची उमेदीची वर्षे वाया गेली. परंतु याच म्हणीचा आधार घेऊन माणसे मुकाट्याने नुकसान सोसू लागली, तर फसवणाऱ्याचे फावते. पंधरा दिवसांत उसवलेली चप्पल, पहिल्याच पावसात गळू लागलेली छत्री, दुरुस्तीला दिल्यावर अधिकच बिघडून परत आलेला पंखा! अशा वेळी घरोघरी एकच उद्गार ऐकू येतो, ‘जाऊ द्या, आपले नशीब!’ वस्तुतः हा नशिबाचा प्रश्न नव्हे. हा हक्काचा प्रश्न आहे.

‘ग्राहक’ हा शब्द ‘ग्रह्’ या संस्कृत धातूपासून झाला आहे. ‘ग्रह्’ म्हणजे घेणे. ग्राहक म्हणजे घेणारा. पण तो फुकट घेणारा नव्हे, मोल देऊन घेणारा होय. मोल पुरते घ्यावे आणि माल मात्र सदोष द्यावा, हा वचनभंगच आहे. जी गोष्ट मालाची, तीच सेवेची. विमा, बँक, आगगाडीचा प्रवास, वीज, दुरुस्तीचे काम या सर्व मोल देऊन घेतलेल्या सेवाच आहेत. पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचारही यात मोडतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. मात्र पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा व्यापारी या अर्थाने ग्राहक ठरत नाही. तसेच पूर्णपणे विनामूल्य मिळालेल्या सेवेबद्दल ग्राहक म्हणून दावा करता येत नाही.

एकटा ग्राहक दुबळा असतो. तो संघटित झाला तर त्याच्या शब्दाला वजन येते. हा विचार मनात धरून बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच २४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला व तो २० जुलै २०२० पासून अंमलात आहे. सामान्य माणसालाही चढता येईल इतकी न्यायाची पायरी बुटकी करावी, हाच या कायद्यांचा हेतू होय.

ही पायरी खरोखर चढता येते काय, हे एका दाव्यावरून पाहू. आंध्र प्रदेशातील काही शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगम या सरकारी कंपनीचे बियाणे पेरले. कोणाचे पीक बुडाले, तर कोणाचे उत्पन्न फारच कमी आले. बियाणे सदोष असल्याची तक्रार घेऊन शेतकरी आपापल्या जिल्ह्याच्या ग्राहक मंचाकडे गेले. मंचांनी त्यांना भरपाई देवविली. कंपनीने अपिले केली आणि दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलाच नाही, मग दोष सिद्ध कसा झाला, असा कंपनीचा एक आक्षेप होता. तो न्यायालयाने मानला नाही. शेतकरी बियाणे आणतो ते पेरण्यासाठी. पुढे दावा करावा लागेल म्हणून त्यातील मूठभर बांधून ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून कशी करावी? काही दाव्यांत मंचाने नेमलेल्या कृषितज्ज्ञांनी शेतात जाऊन पिकाची पाहणी केली होती. तो पुरावा होताच. २०१२ साली न्यायालयाने कंपनीची अपिले फेटाळली आणि शेतकरी हाही ग्राहकच आहे, यावर शिक्कामोर्तब झाले. एका बाजूस देशभर पसरलेली कंपनी आणि दुसऱ्या बाजूस पेरणी वाया गेलेले शेतकरी! तरीही ज्याचे म्हणणे सत्य व पुराव्याचे, त्याचा पक्ष टिकला.

तेव्हा दादीचा पाया पुरावा हा आहे आणि पुराव्याची पहिली वीट म्हणजे पावती. ‘पावती हवी असेल तर जादा पैसे पडतील’ असे एखादा दुकानदार म्हणतो व आपणही चार पैसे वाचले म्हणून संतोष मानतो. पण त्याच क्षणी आपण आपला साक्षीदार गमावलेला असतो. पावती न देणे ही कायद्याने अनुचित प्रथा ठरविली आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी काही दुकानांत झळकते. तिला भिण्याचे कारण नाही. माल सदोष असेल, तर पाटी लावल्याने ग्राहकाचा हक्क नाहीसा होत नाही.

आता दाद मागण्याचा क्रम ध्यानात घ्या. प्रथम विक्रेत्याकडे जावे आणि शांतपणे दोष दाखवावा. पुष्कळशा तक्रारी येथेच मिटतात, कारण बहुतेक व्यापाऱ्यांना आपल्या नावाची चाड असते. तेवढ्याने न भागल्यास विक्रेत्याला व माल बनविणाऱ्याला लेखी पत्र पाठवावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडेही गाऱ्हाणे नोंदविता येते. तेथे मराठीतून बोलता येते.

इतके करूनही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार येथे चालते. त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोगाकडे. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील नेमलाच पाहिजे असेही नाही. ग्राहक स्वतः आपली बाजू मांडू शकतो. नोंदणी झालेली ग्राहक संघटनाही तक्रार दाखल करू शकते. आणि मुलांनो, ग्राहक तुमच्यासारखा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील असेल, तर त्याच्या वतीने आईवडील किंवा पालक तक्रार करू शकतात. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण आयोगाला पटवून द्यावे लागते.

तक्रार-अर्ज म्हणजे निबंध नव्हे. तेथे अलंकार नकोत. दोन्ही पक्षांची नावे व पत्ते, खरेदीची तारीख, दिलेली किंमत, दोष कोणता व तो केव्हा आढळला, त्यानंतर आपण काय केले आणि आता आपली मागणी काय, एवढे क्रमाने लिहावे. ‘दुकानदार लबाड आहे’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. ‘८ जून रोजी घेतलेली छत्री ११ जूनच्या पावसात शिवणीतून गळू लागली’ हे वाक्य मात्र बोलके आहे. अर्जासोबत पावती, हमीपत्र व पत्रव्यवहार यांच्या प्रती जोडाव्यात.

आयोग तक्रारीची प्रत दुसऱ्या पक्षाला पाठवितो. त्याने ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. फार तर आणखी १५ दिवसांची मुदत मिळते. दोन्ही पक्ष राजी असल्यास मध्यस्थामार्फत तडजोडही होते. जरूर पडल्यास वस्तू प्रयोगशाळेत तपासली जाते. शक्यतो ३ महिन्यांत, आणि अशी तपासणी लागल्यास ५ महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात काही वेळा अधिक काळ लागतो. म्हणून धीर धरावा लागतो. दोष दूर करून देणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. निकाल मान्य नसल्यास जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

परंतु हक्कासोबत कर्तव्यही येते. स्वतः निष्काळजीपणाने मोडलेली वस्तू ‘मुळातच सदोष होती’ म्हणून परत करणे, ही ग्राहकाने केलेली फसवणूकच होय. खरी तक्रार प्रामाणिक व्यापाऱ्याच्या विरुद्ध नसते. उलट ती त्याला साहाय्य करते, कारण खोटा माल खपेनासा झाला की खऱ्या मालाची किंमत राहते. एकाने मागितलेली दाद त्याच दुकानाची पायरी उद्या चढणाऱ्या दहाजणांचे रक्षण करते. म्हणून खरेदी करताना डोळे उघडे ठेवावेत, पावती जपावी आणि अन्याय झाल्यास सत्याला धरून, नेमक्या शब्दांत दाद मागावी. न्यायाची ही पायरी शहाण्याने अवश्य चढावी.

अभ्यास

१. ‘ग्राहक’ या शब्दाचा अर्थ सांगा. ग्राहक कोणाला म्हणता येत नाही?
२. शेतकऱ्यांच्या दाव्यात कंपनीचा आक्षेप कोणता होता? तो न्यायालयाने का मानला नाही?
३. पावतीला लेखकाने ‘साक्षीदार’ का म्हटले आहे?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : दाद मागणे, चाड असणे, शिक्कामोर्तब होणे, हेलपाटे घालणे.
५. नव्या दप्तराचा बंद आठ दिवसांत तुटला आहे, अशी कल्पना करून विक्रेत्याला दहा ओळींचे पत्र लिहा.