झिरपणारी टाकी

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवरील पाण्याची टाकी पहांटेसच कोरडी पडूं लागली. रात्रीं दहा वाजतां ती भरलेली असे. सकाळीं सहा वाजतां मुलें नळ सोडीत, तों त्यांतून नुसती हवा फुसफुसे. आम्हीं फारशी चौकशी न करितां निकाल दिला कीं, मुलें पाण्याची उधळपट्टी करितात. स्नानास अर्धी बादली, असा नियम झाला. पहिल्या मजल्यावरील एका मुलास तर, तूं रात्रीं नळ उघडा टाकितोस, म्हणून सर्वांदेखत आम्हीं बोल लाविला. त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें, आणि चवथ्या दिवशीं येऊन म्हणाला, "सर, आज रात्रीं दोन वाजतां आमच्या मजल्यावरच्या संडासांत थोडा वेळ येऊन उभे राहाल काय?"

आम्ही गेलों. सर्व नळ बंद होते. कानोसा घेतला, तेव्हां भिंतीवरील फ्लशच्या टाकींतून बारीक सुस्काऱ्यासारखा आवाज एकसारखा येत होता. दुसऱ्या दिवशीं सर्वांदेखतच आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली, व त्यालाच मदतीस घेऊन ती टाकी उघडली. विषय ऐकून कांहीं वाचक नाक मुरडतील. परंतु आमच्या विज्ञानाच्या वर्गांत जें शिकवितां येतें, त्यांतील पुष्कळसें त्या हातभर लांबीच्या पेटींत आहे, असें आम्हांस त्या दिवशीं आढळलें.

टाकीला दोन दरवाजे असतात. एक पाणी आंत घेणारा, दुसरा बाहेर सोडणारा. आंत घेणाऱ्या दरवाज्यावर बॉल-कॉक बसविलेला असतो. त्याच्या दांड्याच्या टोकास पोकळ गोळा असून तो पाण्यावर तरंगतो. पाणी चढलें कीं गोळा चढतो, दांडा उचलला जातो, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाशीं असलेला रबराचा वायसर नळाचें तोंड दाबून बंद करितो. बाहेर सोडणारा दरवाजा तळाशीं असतो; ती एक रबराची झडप. कळ दाबली म्हणजे ती उचलली जाते. शिवाय एक उभी उघडी नळी असते. बॉल-कॉक बिघडून पाणी वाजवीपेक्षां चढलें, तर तें जमिनीवर न सांडतां या नळीच्या तोंडांतून भांड्यांत जावें, अशी ही योजना आहे.

झडपेस मिटून ठेवणारा पहारेकरी कोण? खुद्द पाणीच. नववीच्या मुलांनीं हें गणित करून पाहावें. टाकींत २० सेंटिमीटर पाणी आहे, म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर २० ग्रॅम भार आहे. झडपेचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर तिचें क्षेत्रफळ सुमारें १९.६ चौरस सेंटिमीटर, आणि तिच्यावरचा भार सुमारें ३९० ग्रॅम होतो. एवढ्या भारानें दाबलेलें मऊ रबर केसाएवढी फट राहूं देत नाहीं. मात्र रबर मऊ आणि बैठक गुळगुळीत असली पाहिजे.

आतां, इतकें पाणी वाहून जात असतां तें कोणाच्या डोळ्यांस कसें पडलें नाहीं? याचें उत्तर २५० वर्षांमागील एका घड्याळजींच्या कल्पनेंत आहे. लंडन येथील अलेक्झांडर कमिंग यांनीं इ. स. १७७५ मध्यें शौचकूपाचें पेटंट घेतलें. त्यांत भांड्याखालचा नळ वांकडा करून त्या वांकांत नेहमीं पाणी राहील असें केलें होतें. त्या पाण्यामुळें गटाराची दुर्गंधी घरांत येत नाहीं. परंतु त्याचाच एक परिणाम असा कीं, वरून कितीहि थेंब आले, तरी भांड्यांतील पाणी तसूभरहि वाढत नाहीं. जेवढें आलें, तेवढें वांकावरून पलीकडे उतरतें. जुन्या लोखंडी, सांखळी ओढावयाच्या टाक्यांत जादा पाण्याची नळी बहुधा भिंतीबाहेर काढलेली असे. ती ठिबकूं लागली कीं खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर थेंब पडत व तो ओरडून सांगे. नव्या टाक्यांत तीच नळी भांड्यांत सोडल्यामुळें हा फुकटचा सांगणारा गेला.

दोष कोणत्या दरवाज्यांत आहे हें ओळखण्याच्या कामीं आम्ही चुकलों, तें सांगितलें पाहिजे. कोठें तरी वाचलें होतें, त्याप्रमाणें आम्हीं टाकींत कपड्यांची नीळ घातली. अर्ध्या तासांत भांड्यांतील पाणी निळसर झालें. "झडप गेली," आम्ही म्हणालों. त्यावर तोच मुलगा म्हणाला, "पण सर, उभ्या नळीवरून पाणी गेलें असतें, तरी तें निळेंच दिसलें असतें ना?" बोलणें बरोबर होतें. मग टाकीखालचा अँगल-कॉक बंद करून आंतील पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनें रेघ ओढली. येणारें पाणी थांबल्यावर पातळी उभ्या नळीच्या तोंडाखालीं उतरली, तर दोष झडपेचा. न उतरली, तर बॉल-कॉकचा. चार मिनिटांत पाणी ४ सेंटिमीटर उतरलें.

टाकीची आंतली लांबी ४० सेंटिमीटर व रुंदी १५ सेंटिमीटर होती. ४० × १५ × ४ म्हणजे २,४०० घन सेंटिमीटर, अर्थात् २.४ लिटर पाणी चार मिनिटांत गेलें. तासास ३६ लिटर. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत २८८ लिटर. पाणी उतरतें तसा झडपेवरचा दाब उतरतो व गळती मंदावते. वास्तविक टाकी रात्रभर भरलेलीच राहत असल्यामुळें खरा आंकडा याहून किंचित् अधिकच असावा. गच्चीवरील टाकी ५०० लिटरांची. अर्धी बादली स्नानाला देऊन आम्ही जें वांचवूं पाहत होतों, तें असें चाललें होतें! उरलेल्या २१२ लिटरांतील कांहीं मुलांच्या रात्रींच्या उपयोगास गेले असतील. परंतु सगळे खास नव्हे. म्हणून तळमजल्यावरील टाकी उघडली. तेथें अँगल-कॉक बंद केल्यावर पाणी उभ्या नळीच्या तोंडाशीं येऊन स्थिर राहिलें. म्हणजे तेथें झडप निर्दोष, बॉल-कॉक दोषी.

दुरुस्ती कठीण नाहीं. अँगल-कॉक बंद करून कळ दाबावी व टाकी रिकामी करावी. झांकण चिनी मातीचें असेल, तर तें प्रथम जमिनीवर आडवें ठेवावें. काठावर टेकवून ठेवलेलें झांकण केव्हां घसरेल याचा नेम नसतो. झडप काढून तिच्यावर बोट फिरवावें. बोट काळें झालें, तर रबर कुजलें असें समजावें व त्याच मापाची नवी झडप आणावी. आमच्या झडपेचें रबर बरें होतें; बैठकीवर मात्र पांढरे खवले धरले होते. आमच्याकडील विहिरीचें पाणी जड आहे. त्यांतला चुना तेथें थर धरून बसला होता. व्हिनेगरमध्यें भिजविलेलें फडकें त्यावर अर्धा तास ठेविलें. बुडबुडे येऊं लागले, तेव्हां मुलांस कर्बद्विप्राणिद वायूचा धडा पुन्हां सांगावा लागला नाहीं. खवले चाकूनें खरवडूं नयेत. एक ओरखडा पडला कीं ती कायमची फट झाली. संडास धुण्याचें तीव्र आम्ल तर टाकींत मुळींच घालूं नये, आणि तें ब्लीचिंग पावडरीशीं कोठेंच मिसळूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो.

झडप सांखळीची असेल, तर सांखळी किंचित् सैल ठेवावी. ताणलेली सांखळी झडपेस पुरतें बसूं देत नाहीं. बॉल-कॉकचा गोळा काढून कानाशीं हालवून पाहावा. आंत पाणी खळखळलें, तर तो फुटका आहे. बुडालेला गोळा नळ कसा बंद करणार? तळमजल्यावरचा गोळा धड होता, पण वायसरवर खोल वळ पडला होता. नवा वायसर घातला, आणि पाणी उभ्या नळीच्या तोंडाखालीं सुमारें अडीच सेंटिमीटरांवर थांबेल, असा दांडा बसविला.

जाणकार पालकांकरितां एक गोष्ट. इंग्लंडांत पुष्कळ काळ तळाशीं झडप असलेल्या टाकीस परवानगी नव्हती. वक्रनलिकेनें, म्हणजे सायफननें, रिकामी होणारीच टाकी लावावी लागे. तींत पाण्याला काठावरून चढून जावें लागत असल्यामुळें ती तळांतून झिरपूंच शकत नाहीं. इ. स. २००१ पासून तेथें झडपेच्या टाक्यांस मोकळीक मिळाली. त्यांची कळ हलकी असते खरी. पण आमच्या मतें त्या मुलांच्या वसतिगृहास योग्य नव्हेत.

अर्ध्या बादलीचा नियम आम्हीं त्याच आठवड्यांत काढून टाकला. पहांटे गच्चीवरील टाकी आतां चार बोटेंच उतरलेली असते. दुसऱ्या मजल्यावरची फ्लशची टाकी मात्र अद्याप उघडावयाची आहे. तिचा अँगल-कॉक गंजून घट्ट झाला आहे, आणि तो सोडविण्यास मोठा पाना आणविला आहे.